दाढदुखी व औषधे

दाढ ठणकू लागली की आपण गोळी शोधतो. पण ठणक्याचे मूळ कोठे असते? दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू असलेला मऊ गर असतो. कीड तेथवर पोचली की गर सुजतो. भोवतालच्या कठीण भिंतींमुळे सुजेस जागा मिळत नाही, म्हणून वेदना असह्य होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेले आयबुप्रोफेन तात्पुरता आराम देते. प्रतिजैविकांनी मात्र हा ठणका शमत नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास हिरडी भाजते.

खरा उपाय म्हणजे ‘रूट कॅनाल’. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेल्या लिडोकेनने जागा बधिर करून दंतवैद्य रोगट गर काढतो व मुळांतील नलिका स्वच्छ करून भरतो. नंतर थोडे दिवस दुखणे स्वाभाविक. सूज वा ताप आल्यास मात्र विलंब नको. गोळी वेदना झाकते, रोग हटवीत नाही.