बसभर माणसं वाळवंटात नेण्याची कृती

आधी माणसं ठरवा, ठिकाणं मागाहून. 45 आसनांची बस असेल तर 40 नावांवर यादी बंद करायची. उरलेल्या पाच जागा रिकाम्या राहत नाहीत; तिथं औषधांची पेटी, गाद्या-उशा, पाय सुजलेल्या एखाद्या मावशी आणि झोपलेला दुसरा ड्रायव्हर असा संसार असतो. प्रत्येक नावासमोर वय, गुडघ्याचं ऑपरेशन, शुगर, बीपी, घरच्यांचा फोन नंबर तिथल्या तिथं लिहा. सहलीचा वेग या यादीतला सगळ्यात हळू चालणारा माणूस ठरवतो. दिंडी चालवणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. तेच लोक बस ठरवली की मात्र विसरतात आणि एका दिवसात तीन शहरं उरकायला निघतात.

तारीख काढताना पंचांग आणि ऊस दोन्ही बघावे लागतात. आपल्या नेवासा तालुक्यात भेंड्याच्या आणि सोनईच्या कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आपल्या फडावर टोळी कधी येईल याचा नेम नसतो. तोड आली की घरटी एक नाव गळतं, म्हणून इसार घेतानाच सांगून ठेवा की नाव काढलं तर बदली माणूस देण्याची जबाबदारी ज्याची त्याची. कार्तिकात पुष्करची जत्रा असते, पण तेव्हा आपली निम्मी माणसं पंढरपूरला. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवगडची दत्तजयंती सोडून कोणी येत नाही. नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात जैसलमेरला पाय ठेवायला जागा नसते. उरतो संक्रांतीनंतरचा महिना. बायका म्हणतात, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहे. ते बसमध्येच करून टाकायचं, वाणासकट. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेला धरून असतो. तो हवा असेल तर राहण्याची सोय दोन महिने आधी करून ठेवा.

बस ठरवायला एकट्यानं जाऊ नका, हिशोबाला पक्का माणूस सोबत न्या. भाडं किलोमीटरवर असतं, पण मालक रोजचे किमान किलोमीटर धरतो. म्हणजे तुम्ही उदयपूरला दोन दिवस हललाच नाहीत तरी त्या दोन दिवसांचे पैसे लागतात. टोल, पार्किंग, परराज्याचा कर, ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे कागदावर घ्या. अखिल भारतीय पर्यटक परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ड्रायव्हर दोन हवेतच. एका ड्रायव्हरनं दिवसाला 8 तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही असा कायदाच आहे, पण त्याची आठवण करून देणारं बसमध्ये कोणी नसतं. ते काम तुमचं. आणि रात्रीचा प्रवास मुळात ठरवूच नका. "झोपेत अंतर कापलं जातं" असं म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी गडावर पायरीवर बसून राहतो.

आता रस्ता. आमचा ठरलेला मार्ग साधारण साडेतीन हजार किलोमीटरचा, 14 रात्री आणि 15 दिवसांचा. नेवाशाहून कन्नडचा घाट टाळून येवला, मनमाड, मालेगाव, धुळे असं जायचं. शिरपूर सोडलं की बिजासनचा घाट, मग सेंधवा. पहिला मुक्काम इंदूरला करायचा मोह होतो. तो करू नका. धामनोदला हमरस्ता सोडला की अर्ध्या तासात महेश्वर येतं. आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडीची लेक जिथून राज्य करत होती, ते गाव वाटेत असताना इंदूरच्या बायपासवर झोपायचं? संध्याकाळी नर्मदेच्या घाटावर सगळ्यांना बसवा. अहिल्याबाई इथंच 1795 साली गेल्या. माहेश्वरी साड्यांचे माग जवळच खडखडत असतात. खरेदीला एक तास द्या आणि घड्याळ बघून उठवा, नाहीतर राजस्थानचं बजेट महेश्वरातच संपतं.

दुसऱ्या दिवशी लेबडवरून रतलाम, जावरा, मंदसौर, निमच करत चित्तोड. हा चौपदरी रस्ता इंदूरच्या गर्दीत न शिरता नेतो.

निमचच्या पुढं एका चहाच्या टपरीवर मी मोजणीचा धडा शिकलो. माणसं चढली, मी मोजली, 40 भरली, गाडी निघाली. वीस मिनिटांनी मागून मोटरसायकलवर एक आजोबा आले, चालवणारा टपरीवाल्याचा पोरगा. आकडा बरोबर होता, कारण क्लीनर त्यांच्या जागेवर पांघरूण घेऊन झोपला होता. तेव्हापासून डोकी मोजणं बंद. ऊसतोडीला करतात तशा चार टोळ्या करायच्या, दहा-दहाच्या, प्रत्येकीला एक मुकादम. टोळीत प्रत्येकाला जोडीदार, पण नवरा-बायको एकमेकांचे जोडीदार नकोत. दोघं मिळून मागं राहतात. गाडी सुटण्याआधी मुकादमानं ओरडून सांगायचं: "पहिली भरली." चारही आवाज आल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी पेढा देऊन सांगा.

स्वयंपाकाचं आता बोलू, कारण भांडणं तिथंच होतात. आचारी सोबत असला की निम्मी सहल जिंकली. डिकीत गॅसची टाकी टाकण्याची जुनी सवय मात्र सोडा. 2023 च्या ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात चोरून नेलेल्या टाकीमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. बसची डिकी त्याहून सुरक्षित नाही. भांडी, मसाला, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा आपला. शेगडी आणि गॅस मुक्कामाच्या धर्मशाळेचा, भाड्यानं. हे आधी फोनवर ठरवलं तर बहुतेक ठिकाणी जमतं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी रस्त्यात दशम्या आणि दही, रात्री गरम पिठलं-भाकरी. तरी दोन जेवणं तिथल्या हातची खाऊ घाला. जैसलमेरला केर-सांगरी, जोधपूरला दाल-बाटी. पहिल्या घासाला नाकं मुरडणारे लोकच नंतर सांगरीची पाकिटं पिशवीत भरतात.

चित्तोडला रात्री पोचा, गड सकाळी बघा. गड सुमारे 700 एकरांचा, वर जायला सात पोळी, म्हणजे दरवाजे. बस खालीच ठेवून टोळीगणिक रिक्षा करा आणि भाडं चढण्याआधी ठरवा. विजयस्तंभ राणा कुंभानं पंधराव्या शतकात उभारला, नऊ मजली. मीरेचं मंदिर बघायला आपली माणसं स्वतःहून रांग लावतात, तिथं गाईडला थांबायला सांगा. गाईड करताना पर्यटन खात्याचं ओळखपत्र पाहा, पैसे ठरवा आणि एक अट घाला: दुकानात न्यायचं नाही. त्याचा दिवस तिथल्या कमिशनवर चालत असतो, हे तोही जाणतो. म्हणून फी थोडी वाढवून द्या. दुकानात गेलेले दोन तास परत येत नाहीत.

उदयपूरला दोन रात्री पुरे. तिथून जोधपूरला जाताना रणकपूर लागतं. इथं चूक सगळे करतात: सकाळी नऊलाच पोचतात. जैन मंदिर इतर दर्शकांना दुपारी 12 नंतर उघडतं. चामड्याचं पाकीट, पट्टा आत चालत नाही. तेव्हा उदयपूरहून निवांत निघा, पट्टे-पाकिटं बसमध्ये ठेवायला सांगा आणि बाराच्या ठोक्याला आत शिरा. जोधपूरच्या मेहरानगडाला लिफ्ट आहे. गुडघेवाल्यांना आधीच वेगळं काढून लिफ्टनं वर पाठवा. ते वर सावलीत बसून खाली धापा टाकणाऱ्यांची मजा बघतात, आणि त्यांचा मान राहतो.

आता वाळवंट. यासाठी जैसलमेरला तीन रात्री हव्यातच. दोन रात्रींत जो येतो तो वाळू बघून येतो, वाळवंट नाही.

मुक्काम किल्ल्यात घेऊ नका, खाली गावात घ्या. 1156 मध्ये रावळ जैसलनं बांधलेला हा किल्ला आजही राहता आहे. लोक आत संसार करतात, शाळेत जाणारी पोरं बुरुजाखालून पळतात. टेकडी ठिसूळ आहे आणि आत वाढलेल्या हॉटेलांचं सांडपाणी मुरून तटबंदी खचते. किल्ला सकाळी बघा, पटवांची हवेली त्यानंतर, गडीसर तलाव संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी सम. गाव चाळीस किलोमीटरवर. दुपारी साडेतीनला निघा, वाटेत पालीवालांचं ओसाड कुलधरा अर्धा तास. भुताच्या गोष्टी गाईड सांगेलच. तुम्ही माणसांना घरांच्या रचनेकडे बघायला सांगा. आपण लाडमोड टेकडीच्या गावचे, जिथं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ सांकळियांनी थरामागून थर उकरला. ओस पडलेलं गाव वाचायची सवय नेवाशाच्या माणसाला असायला हवी.

वाळूवर पोचलात की आधी बूट-चपला काढून पिशवीत. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर वाळू चार्जिंगच्या भोकात जाते. कानटोपी, स्वेटर हातात ठेवा, बसमध्ये नको. दुपारी घाम येतो आणि सूर्य टेकला की अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. जानेवारीत पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो. उंटावर बसण्याआधी सगळ्यांना एकदा दाखवा: उंट आधी मागचे पाय उचलतो. म्हणजे बसलेला माणूस एकदम पुढं कलंडतो. त्या क्षणी मागं रेलायचं आणि खोगिराची खुंटी धरायची. पुढचे पाय उठले की आपोआप सरळ होतो. बसतानाही उंट आधी पुढचेच गुडघे टेकतो, तेव्हा पुन्हा मागं रेला. नऊवारीतल्या आज्यांना उंटगाडी. आमच्या एक आजी गाडीला तयार नव्हत्या, "बैलगाडीत जन्म गेला, आता उंटच" म्हणाल्या. दोघांनी खोगीर धरलं, आजींनी दात-ओठ खाऊन कासोटा सावरला आणि उंट उठताना त्यांनी मोठ्यानं "विठ्ठल" म्हटलं. उंटवाल्यानंही म्हटलं.

तंबूतल्या मुक्कामाचं बुकिंग करताना फक्त जागा आणि जेवण बघू नका. रात्री गाणं-बजावणं किती वाजता बंद होतं, ते विचारा आणि लिहून घ्या. एकदा आम्हाला पहाटे दोनपर्यंत शेजारच्या तंबूतला डीजे ऐकावा लागला; तक्रार कोणाकडे करायची हेच कळेना. तेव्हापासून आम्ही शेकोटी, एक मांगणियार गायकांची बैठक आणि जेवण आटोपून रात्री दहाला जैसलमेरला परत येतो. खरं वाळवंट बघायचं असेल तर पहाटे पाचला उठून पुन्हा गावाबाहेर जा. आपल्या टोळीतले पाच-सहाच येतील. तेवढे पुरे.

तिसरा दिवस तनोटचं मंदिर आणि लोंगेवाला. हा दिवस कापू नका. रामगढला डिझेल भरा, पुढं नेटवर्कही विरळ होतं, म्हणून मुकादमांना परतीची वेळ आणि ठिकाण आधीच सांगा. लोंगेवाल्याला 1971 च्या डिसेंबरात मेजर कुलदीपसिंह चांदपुरींच्या सव्वाशेच्या आसपास जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाडे थोपवले आणि उजाडताच हवाई दलानं त्यांचा फडशा पाडला. पकडलेले रणगाडे तिथं उभे आहेत. आपल्या पोरांनी नगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलेलं असतं, तर ते इथं वाळूत रुतलेलं चाक दाखवून तुम्हालाच समजावतात. न पाहिलेल्यांना जाण्याआधी एक चक्कर नगरला मारायला सांगा.

परतताना पोकरण, फलोदीवरून नागौरला मुक्काम. इथं बघायला फार कोणी थांबत नाही, पण नागौरजवळच्या तौसरला 1755 साली जयाप्पा शिंद्यांना दगाफटक्यानं मारलं. आपल्या श्रीगोंद्याच्या महादजींचे हे थोरले भाऊ. बस त्या बाजूनं जाताना माइकवर एवढं सांगितलं तरी मागच्या सीटवरची डुलकी मोडते. पुढं मीरेचं मेडता, जिथं 1790 मध्ये महादजींच्या फौजेनं राठोडांना हरवलं, मग पुष्कर, मग जयपूर.

जयपूरबद्दल दोनच गोष्टी. आमेर, हवामहल, जंतरमंतर यांचं एकत्रित तिकीट मिळतं, तेच घ्या. आणि जंतरमंतर ऊन स्वच्छ असताना बघा. ढगात ते नुसतं सिमेंटचं वाटतं. सम्राट यंत्राची सावली सरकताना दिसली की माणसं आपोआप गप्प होतात.

जयपूरहून घर हजाराच्या आसपास किलोमीटर. मध्ये उज्जैनला एक मुक्काम टाका, महाकालाचं दर्शन होतं आणि ड्रायव्हर झोपतो.

घरी आल्यावर आठ दिवसांत मोहिनीराजाच्या देवळाच्या मंडपात सगळ्यांना बोलवा आणि वही मोठ्यानं वाचा. डिझेल, टोल, गाईड, रिक्षा, धर्मशाळा, ड्रायव्हरची बक्षिसी, सगळं. उरलेले पैसे दरडोई वाटून तिथंच हातात द्या, पुढच्या वर्षीसाठी ठेवून घेऊ नका. त्यानं संशय वाढतो. आचाऱ्याची भांडी मोजून परत करा. आमची एक लांब दांड्याची पळी जैसलमेरच्या धर्मशाळेतच राहिली आहे. फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "रखी है, आ जाओ."