पाण्यांत अंगाची ऊब लवकर कां जाते ?

पौष महिन्यांत निफाड, दिंडोरी, चांदवड या भागांत विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे पाणी देणाऱ्यांस एक अनुभव हटकून येतो. पहाटेच्या हवेनें हातपाय बधिर होतात, पण विहिरीचें पाणी कोमट लागतें व त्यांतून वाफ निघतांना दिसते. त्यामुळें पाण्यांत उभें राहिल्यानें ऊब मिळते असा पुष्कळांचा समज आहे. हा समज घातक आहे.

आमच्या भागांतील विहिरीचें पाणी हिवाळ्यांतहि साधारणतः 25 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतें. निफाडकडे कडक थंडींत हवा 5 अंशांच्याहि खालीं उतरते, म्हणून तुलनेनें पाणी ऊन भासतें. परंतु शरीराच्या आंतील उष्णतामान 37 अंश असतें, आणि उष्णता नेहमीं उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते. तेव्हां हें कोमट पाणीहि आपणांस ऊब देत नसून ती घेतच असतें.

आतां हवेपेक्षां पाणी ती अधिक वेगानें कां घेतें, हें पाहूं. हवा उष्णतेची मंद वाहक आहे. अंगालगतचा तिचा पातळ थर थोड्या उष्णतेनें तापतो व पांघरुणासारखा अंगाभोंवतीं राहतो. घोंगडीची ऊब म्हणजे लोंकरींत कोंडलेली हीच हवा होय. पाणी हवेच्या सुमारें 25 पट चांगलें वाहक आहे. शिवाय एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेनें सुमारें 3,500 लिटर हवा तापेल. त्यांत पाटाचें पाणी वाहतें; म्हणून क्षणोक्षणीं नवें पाणी कातडीस भिडतें. थंडी लागतांच कातडीतील रक्तवाहिन्या आंखडतात, त्यामुळें शरीराची हानि प्रत्यक्षांत 25 पट होत नाहीं. तरी ती हवेतल्यापेक्षां कितीतरी अधिक असते.

पाण्याबाहेर आल्यानेंहि संकट टळत नाहीं. भिजलेल्या धोतरांत पाव लिटर पाणी राहिलें असें धरूं. तें वाळण्यास सुमारें 145 किलोकॅलरी उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाचें शरीर तासाभरांत 70 ते 80 किलोकॅलरीच उत्पन्न करितें. कांहीं उष्णता हवेकडून मिळते हें खरें, पण पुष्कळशी अंगांतूनच जाते. आणि वारा असल्यास तें काम अधिकच झपाट्यानें होतें.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही घरची शेती पाहूं लागलों, तेव्हांची गोष्ट. गव्हास पाणी देणारा आमचा गडी एका रात्रीं बांधावर अडखळूं लागला. त्याची जीभ जड झाली होती. तो दारू प्याला असें समजून आम्ही त्याच्यावर रागावलों. त्याचे कपडे चिंब होते व अंगाचें कांपरेंहि थांबलें होतें, हें आमच्या उशिरा ध्यानीं आलें. तो वांचला, पण ती चूक आम्हांस अद्याप बोचते.

शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बोटें वळेनाशीं होणें, बोलणें अडखळणें व झोंप येणें हीं धोक्याचीं चिन्हें आहेत. हुडहुडी थांबून गुंगी आली तर धोका वाढला असें समजावें. अशा माणसास आडोशास न्यावें, ओले कपडे काढून अंग कोरडें करावें व घोंगडी गुंडाळावी. हातापायांपेक्षां छाती व पाठ यांस आधीं ऊब द्यावी. अंग जोरानें चोळूं नये, आगीच्या अगदीं जवळ बसवूं नये. शुद्धीवर असून गिळतां येत असेल तरच गरम गोड चहा द्यावा. दारू कधींहि देऊं नये. तिच्यामुळें कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात व उरलेली ऊबहि निघून जाते. नंतर विलंब न लावतां दवाखाना गांठावा, किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रात्रीं पाणी देणाऱ्यास गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कोरड्या कपड्यांचा एक जोड व सोबती द्यावा. याचा खर्च थोडा आहे, आणि तो मालकानें करावा हें उचित होय.