दवाखाना कोणता गाठावा? : वालूर परिसरासाठी एक अभ्यास

घरात आजारपण आले की पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा "न्यायचे कुठे?" हा. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. रुग्णाला कुठे नेले यावरच पुष्कळदा पैसा किती जाणार हे ठरते, आणि कधी कधी माणूस हाती लागणार की नाही हेही. शेतमजुरीवर व कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्या आपल्या कुटुंबांत एका चुकीच्या दवाखान्यापायी शेळ्या विकल्या जातात, उसनवारी होते, मुलीचे कॉलेज सुटते. म्हणून सभासदांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी हा विषय परीक्षेच्या धड्यासारखा नीट समजून घ्यावा, घरी आई-वडिलांना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

सरकारी आरोग्यसेवेची रचना उतरंडीसारखी आहे. स्वातंत्र्यापूर्वी भोर समितीने 1946 साली जो अहवाल दिला, त्यातून ही कल्पना पुढे आली. साधारण 5,000 लोकसंख्येस उपकेंद्र, 30,000 लोकसंख्येस प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, असे हे मापदंड. आपल्या बाबतीत सांगायचे तर प्राथमिक आरोग्य केंद्र खुद्द वालूरला आहे. पुढे सेलूचे उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे परभणीचे जिल्हा रुग्णालय. परभणीस 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. त्याहून मोठ्या उपचारासाठी नांदेडजवळ विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे 'घाटी' रुग्णालय आहे.

आता आपल्या लोकांची रीत पाहा. साध्या तापाला, खोकल्याला तालुक्याच्या मोठ्या पाटीचा दवाखाना लागतो, आणि जिथे घटकेचा उशीर नको तिथे मात्र गावातच दोन-चार तास निघून जातात! ताप, जुलाब, लसीकरण, गरोदरपणाची तपासणी, रक्तदाब व साखरेच्या गोळ्या, क्षयाच्या संशयाने थुंकीची तपासणी, कुत्रे चावल्यावरची लस, ही सारी कामे आरोग्य केंद्राची आहेत. कुत्रे चावले तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. मग केंद्रात जाऊन ठरलेल्या तारखांचे सर्व डोस पुरे करावेत. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यावयाचे 'सीरम'ही लागते. ते केंद्रात नसल्यास सेलू किंवा परभणी गाठावे, पण पहिली लस तिथेच घेऊन निघावे.

सलाईनविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण पुष्कळांचा दवाखाना सलाईनवर ठरतो. "त्या डॉक्टरने बाटलीसुद्धा लावली नाही" अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ग्लुकोजच्या 5 टक्क्यांच्या 500 मिलीलीटर बाटलीत एकंदर 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचसहा चमचे. उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी गेले आणि तोंडाने काही ठरत नसेल तर बाटली जीव वाचवते हे खरेच. पण अंग दुखते, थकवा आहे म्हणून मजुरीचे पैसे तीत ओतण्यात अर्थ नाही. जो डॉक्टर मागेल त्याला बाटली लावतो, तो चांगला डॉक्टर नव्हे. दवाखान्याच्या पाटीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे आपल्या दहावीच्या मुलानेही वाचून पाहावे.

सर्पदंशाचा विचार अधिक खोलात करावा लागेल. आपला भाग कापूस-सोयाबीनचा. पावसाळ्यात रानात काम, रात्री पिकाला पाणी, अनेकांचे झोपणे जमिनीवर. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप, आणि या चौघांवर मिळून एकच प्रतिविष असते, ज्याला लोक सापाची लस म्हणतात. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. वेदना होत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे समजतात की रात्रीचे अन्न बाधले. अशा वेळी मारुतीच्या पारावर नेणे, कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन विष चढले की नाही हे पाहणे, मांत्रिकाची वाट बघणे, यात जी वेळ जाते ती परत मिळत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू वा कुत्रे चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे, हे विद्यार्थ्यांनी गावात सांगावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अनेक वर्षांच्या खटपटीचा तो कायदा, आणि तो झाला त्यांच्या खुनानंतर.

मग न्यायचे कुठे? इथे मोठ्या शहराचा हट्ट घातक ठरू शकतो. प्रतिविष आरोग्य केंद्रात दिले जाते. निघण्यापूर्वी फोन करून ते शिल्लक आहे व डॉक्टर हजर आहेत, एवढे विचारावे. रुग्णाला चालवू नये, दोरीने आवळू नये, जखम कापू नये, साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. श्वास मंदावत असेल तर कृत्रिम श्वासाचे यंत्र लागेल, म्हणजे पुढे परभणीच. पण पहिली मात्रा जवळच मिळून मगच पुढचा प्रवास, हा हिशेब लक्षात ठेवावा.

लहान जागेतले उपचार कमी प्रतीचे, असा समज असणाऱ्यांनी डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे काम वाचावे. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. कोकणात महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात त्यांनी 1976 पासून नोकरी केली. लाल विंचवाच्या दंशाने हातपाय गार पडून, घाम सुटून माणसे दगावत. प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने ती वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले, आणि 1986 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकाने ते छापले. जगाने स्वीकारलेला हा उपचार मोठ्या शहरातल्या इस्पितळात सापडलेला नाही!

याच्या उलट काही दुखण्यांत गावच्या केंद्राचे काम फक्त रुग्णाला तातडीने पुढे पाठवण्याचे असते. एकाएकी तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, हा अर्धांगवायूचा झटका. मेंदूचा सीटी स्कॅन काढून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ज्या ठिकाणी स्कॅन नाही तिथे थांबणे म्हणजे ती वेळ घालवणे. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम, असे असल्यास आधी ईसीजी जिथे निघेल तिथे जावे. फवारणीचे विष अंगात गेले असेल तर कपडे काढून अंग धुवावे व औषधाचा डबा सोबत न्यावा. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. बाळंतपण साधे असेल तर आरोग्य केंद्र पुरे. पण अंगात रक्त कमी, आधीचे सिझेरियन, जुळे, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल, तर रक्ताची व शस्त्रक्रियेची सोय कुठे आहे ते सातव्या महिन्यातच विचारून ठेवावे.

वाहनासाठी 108 हा क्रमांक. ही सेवा राज्यात 2014 साली 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. तिच्यात डॉक्टर असतो व पैसे लागत नाहीत. गरोदर माता व तान्ह्या बाळांसाठी 102 आहे.

पैशाचे आता सांगतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क झाले. त्या निर्णयात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये नव्हती, म्हणून तिथे केसपेपर व तपासण्यांच्या ठरावीक शुल्काची तयारी ठेवावी. खासगी रुग्णालयात जाणे भागच पडले, तर दाखल होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : "महात्मा फुले योजना इथे चालते का, आणि या आजाराला चालते का?" 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली ही योजना आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. रेशनकार्ड व आधार लागते. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावे, किंवा 155388 वर विचारावे. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्यास वा संभाजीनगरला रुग्ण नेण्याची पाळी आली तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्यावा. आणि अपघाताच्या रुग्णाला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात दिलेला आहे. "आधी पोलीस, मग उपचार" असे कोणी म्हटल्यास हे नाव घ्यावे.

राहिली ती कागदपत्रे. घरातल्या प्रत्येकाचे जुने केसपेपर, गोळ्यांची नावे, रक्तगट, रेशनकार्डाची प्रत एका प्लास्टिकच्या पिशवीत खुंटीला टांगून ठेवावी. कोणी "पुढे न्या" म्हटले तर तोंडी ऐकून निघू नये. कशासाठी पाठवले, कोणते इंजेक्शन कितीला दिले, हे लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी, आणि ती रुग्णासोबत बसणाऱ्याच्या खिशात ठेवावी.