आरोग्यातील विषमता आणि उद्योगाचा ताळेबंद

गरीब कामगाराच्या उपचारासाठी केलेले साहाय्य म्हणजे निव्वळ दानधर्म, अशी समजूत उद्योगक्षेत्रात आजही आढळते. दानाचे मोल आम्ही जाणतो. तथापि हिशेबाच्या दृष्टीने पाहता या साहाय्याचा लाभ मालकाच्याही पदरात पडतो, हे येथे मांडावयाचे आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत कायम आणि कंत्राटी असे दोन्ही कामगार शेजारी-शेजारी राबतात. कायम कामगाराला पगारी रजा असते. कंत्राटी कामगाराचा मात्र बहुधा खाडा झाला की रोज बुडतो. म्हणून तो ताप अंगावर काढतो, खोकला दडवतो. आजार दोघांचा एकच. फरक पडतो तो डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेत. आरोग्यातील विषमता ती हीच.

या विलंबाची किंमत मोठी असते. क्षयरोगाचे निदान वेळेवर झाल्यास साधारणपणे सहा महिन्यांच्या औषधोपचाराने तो बरा होतो आणि शासकीय कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात. निदान लांबल्यास शेजारी काम करणाऱ्यांनाही संसर्ग होऊ शकतो. दुर्लक्षित मधुमेह वा रक्तदाब मूत्रपिंड निकामी करतो. मग आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागते. अनुभवी हात गमावल्यावर नव्या माणसाच्या शिक्षणात जाणारा वेळ, बिघडलेला माल, चुकलेली मुदत हे सारे खर्च 'आजारपण' या सदराखाली कधी लिहिले जात नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत.

आता दुसरी बाजू पाहू. कर्मचारी राज्य विमा योजनेत 1 जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या 4.75 टक्क्यांवरून 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के झाला. 20,000 रुपये वेतनावर मालकाचे 650 आणि कामगाराचे 150 रुपये होतात. त्यातून कामगाराला सहकुटुंब उपचार आणि, पात्र ठरल्यास, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो. मात्र कंत्राटदाराने नोंदणीच केली नाही, तर हे सारे कागदावरच राहते.

आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे जाणाऱ्या हमालाचा खर्च कोणी करावा? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या 1969 च्या माथाडी कायद्याने याचे उत्तर दिले. मालक मजुरीसोबत लेव्ही मंडळाकडे भरतात आणि त्यातून कामगारांचे हक्क सांभाळले जातात. वाशीच्या घाऊक बाजारात ही पद्धत रुजलेली आहे. एकट्याला जड वाटणारा भार वाटून घेतला की हलका होतो, हा तिचा धडा.

मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखतात. परंतु खाट ही शेवटची पायरी होय. रुग्ण तेथवर येऊ नये, यातच सर्वांचे हित आहे.

म्हणून उद्योजक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे : वर्षातून एकदा कंत्राटी कामगारांचीही तपासणी कामाच्या वेळेत, रोज न कापता करावी आणि कंत्राटदाराच्या देयकासोबत विमा भरल्याची पावती मागावी. देणगीदारांनीही खाटांइतकेच तपासणी शिबिरांना साहाय्य करावे. वेळेवर वाचवलेला कामगार हा एका घराचा आधार असतो आणि उद्योगाचीही शिल्लक असते.