चहाची पिशवी आणि आपली काळी माती



आपल्या नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत पाहुणा दाराशीं आला कीं, चहाचें आधण चढतें. चहापूड, साखर व दूध एकत्र उकळून चहा गाळला जातो आणि चोथा बहुधा अंगणाच्या कोपऱ्यांत पडतो. परंतु आगगाडींत, कचेरींत व शहरांतील उपाहारगृहांत दोरा लावलेली चहाची पिशवी मिळते, आणि ती आतां आपल्या घरींही येऊं लागली आहे. ती कशी वापरावी व नंतर कोठें टाकावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

अमेरिकेंतील मिल्वॉकी येथील रोबर्टा लॉसन व मेरी मॅक्लारेन या दोन स्त्रियांना चहाचीं पानें धरून ठेवणाऱ्या जाळीदार कापडी पिशवीचें पेटंट 1903 सालीं मिळालें. पुढें 1908 च्या सुमारास न्यूयॉर्कचे व्यापारी टॉमस सलिव्हन यांनीं चहाचे नमुने रेशमी पिशव्यांतून पाठविले व गिऱ्हाइकांनीं पिशवीच गरम पाण्यांत बुडविली, अशी कथा सांगतात. तात्पर्य, आरंभीची पिशवी कापडाची, म्हणजे मातींत कुजणारी होती.

पिशवीवर उकळतें पाणी ओतून पेला तीन ते पांच मिनिटें झांकून ठेवावा. ती दाबून पिळूं नये. तेणेंकरून तुरटपणा वाढतो. तसेंच जेवणाबरोबर चहा घेऊं नये, कारण त्यांतील टॅनिन अन्नांतील लोह शरीरांत शोषूं देत नाहीं.

आतां आमची एक चूक सांगतों. एका उन्हाळ्यांत आम्हीं वापरलेल्या पिशव्या शाळेच्या बागेंतील खताच्या खड्ड्यांत टाकल्या. कागद तो कुजेलच, असा आमचा समज. दिवाळीनंतर खत काढिलें तेव्हां चोथा मातीशीं एकजीव झाला होता. परंतु पिशव्यांच्या जागीं कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे पापुद्रे हातीं लागले. अर्धें खत तोंवर वाफ्यांत गेलें होतें. मुलांनीं दोन दिवस वेचूनही सगळे पापुद्रे निघाले नाहींत.

असें कां व्हावें? पुष्कळ कागदी पिशव्यांच्या कडा उष्णतेनें चिकटाव्या म्हणून कागदांत पॉलिप्रोपिलीन मिसळतात. खताचीं पोतीं ज्याचीं विणतात तेंच हें प्लास्टिक. पोत्याचा एक धागा कापसांत मिसळला तरी मालाला कसा बट्टा लागतो, हें आपल्या पालकांस सांगावयास नको. रेशमासारख्या चकाकणाऱ्या पिशव्या बहुधा सर्वस्वी प्लास्टिकच्याच असतात. कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं 2019 सालीं अशी एक रिकामी पिशवी 95 अंश उष्ण पाण्यांत ठेविली, तेव्हां सुमारें 1,160 कोटी सूक्ष्म कण पाण्यांत उतरल्याचें त्यांस आढळलें. मक्यासारख्या पिकांच्या पिष्टापासून केलेली पिशवीही घरच्या खड्ड्यांत सहसा कुजत नाहीं. तिला कारखान्यांतील खतप्रक्रियेची सुमारें 60 अंशांची उष्णता लागते.

म्हणून विद्यार्थ्यांनीं पुढील क्रम पाळावा. पिशवी निवल्यावर फाडावी. टांचणी असल्यास ती प्रथम वेगळी करावी, नाहीं तर ती गाईगुरांच्या पोटांत जाण्याचें भय असतें. चोथा ओल्या कचऱ्यांत किंवा खताच्या खड्ड्यांत घालावा. रिकामी पिशवी वाळवून सुक्या कचऱ्यांत द्यावी. ती चुलींत जाळूं नये. घरच्या दुधासाखरेच्या चहाचा चोथा मात्र आधीं पाण्यानें धुवावा, म्हणजे मुंग्या लागत नाहींत. मग तो पालापाचोळ्यांत मिसळावा. चोथ्यांत नत्र असतें व तें झाडांस उपकारक आहे.

ज्यास हा सर्व खटाटोप नको, त्यानें आपली जुनी गाळणीच वापरावी. तिच्यांतून पेल्यांत चहा येतो, मातींत चोथा जातो, आणि टाकून देण्यासारखें मागें कांहीं उरत नाहीं. ज्या काळ्या मातीवर आपलीं घरें चालतात, तींत न कुजणारी वस्तु आपल्या हातानें न घालणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.