१२ व्होल्ट दिसतात, पण मिळतात का?

ओहमचा नियम आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला पाठ केला आणि पेपर झाल्यावर जर्नलबरोबर रद्दीत घातला. त्याच नियमामुळे या दिवाळीच्या सुट्टीत आमची प्रीमियर पद्मिनी भंगारात जाता जाता वाचली, म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे ‘प्रज्वलन’ वगैरे शब्द मला झेपत नाहीत. मी कॉइलच म्हणणार!)

गाडी आजोबांची, चिपळूणला असते. गावात नीट चालायची, पण कुंभार्ली घाट चढायला लागली की धक्के देत बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. वळणावर मागून ट्रक येत असताना इंजिन बंद पडणं ही काही गंमत नाही, आईने तर त्या गाडीत बसणंच सोडलं होतं. गॅरेजमध्ये सांगितलं, कॉइल बदला, डिस्ट्रिब्युटरही बदला. बाबा म्हणाले, त्यापेक्षा गाडीच काढून टाकू.

आता कॉइलवर संशय येणं साहजिक आहे. जुनी कॉइल तापली की कधी कधी आतून ओपन होते आणि लक्षणं हुबेहूब हीच असतात. म्हणून गाडी तापवून, वायरी सोडवून कॉइलची प्रायमरी मोजली. ३.१ ओहम. म्हणजे ठणठणीत.

मग वायर? तिथे तर आधीच मीटर लावून झालं होतं आणि कॉइलच्या प्लस टर्मिनलवर १२.४ व्होल्ट, अगदी बॅटरीइतकेच मिळाले होते. खरी मेख इथेच आहे. त्या वेळी पॉइंट उघडे होते. पॉइंट उघडे म्हणजे सर्किट तुटलेलं, करंट शून्य. आणि करंट शून्य असेल तर जोड कितीही खराब असो, आय गुणिले आर शून्यच येणार. मीटर खोटं बोलत नव्हतं, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

म्हणून इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटवले, चावी ऑन केली आणि मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा कॉइलच्या प्लसवर धरला. (हे पटकन उरका. असं ठेवून दिलं तर कॉइल तापते.) चांगल्या वायरिंगमध्ये इथे अर्ध्या व्होल्टच्या आत रीडिंग हवं. आमच्याकडे ३.१ व्होल्ट! वायर हलवली की आकडा नाचायचा.

हिशोब करा. कॉइलला उरले ९.३ व्होल्ट, म्हणजे ४ ऐवजी ३ अँपिअर. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून, त्यामुळे ती ९/१६ वर आली, जेमतेम ५६ टक्के. सपाट रस्त्यावर तेवढी पुरते. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तिथे हा कारभार संपतो. शिवाय त्या एवढ्याशा जोडात ९ वॉट उष्णता! तापून तो आणखी बिघडतो, थंड झाला की परत जरा बरा.

रबरी टोपी काढली तर आत थिंबलपाशी तारेचे चार-पाचच धागे शाबूत, आणि कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसा हिरवा थर. कोकणची हवा, दुसरं काय.

दुरुस्ती सोपी आहे, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काळी पडलेली तार लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापली, नवीन थिंबल क्रिम्प केलं, वर स्लीव्ह चढवली. कॉइलचं टर्मिनल पॉलिश पेपरने घासलं, नट आवळून थोडं व्हॅसलीन लावलं. नट जोर लावून पिळू नका, बेकेलाइटची टोपी तडकते. पुन्हा मोजलं, ०.२ व्होल्ट. खर्च एका वडापावच्या आसपास. कॉइल तीच जुनी आहे, आणि आई कराडपर्यंत जाऊन आली.

हॉस्टेलमध्ये ज्यांच्याकडे पॉइंटवाली जुनी बुलेट आहे त्यांनाही हीच टेस्ट लागू. मल्टिमीटर माझ्याकडून न्या, पण प्रोबसकट परत आणा.