कृत्रिम रक्तबिंबिका

तंबाखू कापताना विळा निसटतो किंवा कबड्डीच्या मैदानावर गुडघा फुटतो, तेव्हा आपल्याकडे कोणी जखमेत हळद चेपतो, तर कोणी तंबाखूची भुकटी. थोड्या वेळाने रक्त थांबते आणि सारे श्रेय त्या चिमूटभर पुडीला मिळते. वास्तविक काम केलेले असते ते दाबून धरलेल्या बोटाने आणि रक्तातल्याच काही अतिसूक्ष्म कणांनी. भुकटीने उलट जखमेत घाणच जाते. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, हे उत्तम. या कणांना शास्त्रात रक्तबिंबिका म्हणतात. दवाखान्यात मात्र सर्वांच्या तोंडी 'प्लेटलेट' हाच शब्द असतो.

रक्तबिंबिका म्हणजे चपटी, लवचिक चकती. तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. हाडांतील मगजात तिचा जन्म होतो आणि आठ-दहा दिवसांत तिचे आयुष्य संपते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये अशा दीड ते साडेचार लाख चकत्या असतात. वेदगंगेला पूर आला म्हणजे पालापाचोळा काठाकाठाने वाहताना आपण पाहतो ना? तशाच, तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यातून धावत असता या चकत्या रक्तवाहिनीच्या भिंतीकडे लोटल्या जातात. जणू पहाराच देतात! भिंत फाटली की आतले कोलॅजेन नावाचे तंतू उघडे पडतात. बिंबिका त्यांना चिकटतात, काटेरी रूप धारण करतात, एकमेकींना धरतात आणि छिद्र बुजवतात.

ज्याच्या रक्तातील बिंबिका फार घटल्या आहेत व रक्तस्राव होत आहे, त्याला दुसऱ्याच्या बिंबिका द्याव्या लागतात. डेंग्यूच्या साथीत आकडा उतरला की घरची मंडळी घाबरून धावाधाव करतात. परंतु रक्तस्राव नसेल तर बहुतेक रुग्णांना त्यांची गरज भासत नाही. हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. मात्र खरी गरज पडली, की अडचण पुढे उभी राहते. तांबड्या पेशी शीतपेटीत महिनाभर टिकतात. बिंबिकांना थंडी सोसत नाही. गारठलेल्या बिंबिकांचे रूप पालटते आणि शरीर त्यांना रक्तातून लवकर काढून टाकते. म्हणून त्या २० ते २४ अंश उष्णतामानात, सतत हलक्या हाताने झुलवत ठेवाव्या लागतात. आणि तरीही पाचच दिवस! एवढ्या अल्पायुषी वस्तूचा साठा लहान गावात कोण बाळगणार? निपाणीच्या एका अंगाला कोल्हापूर, दुसऱ्या अंगाला पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. वाहते रक्त तेवढा वेळ थांबत नाही.

मग ही चकती कृत्रिम रीतीने का करू नये? या प्रश्नामागे लागलेल्या शास्त्रज्ञांत एक नाव आपल्या ओळखीच्या वळणाचे आहे : समीर मित्रगोत्री. मुंबईच्या माटुंगा येथील रसायन-तंत्रशास्त्राच्या विद्यालयातून १९९२ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. आज ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक आहेत. क्लीव्हलंड येथील अनिर्बन सेनगुप्ता व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी २०१४ साली आपले कृत्रिम कण जगापुढे मांडले.

त्यांतील मर्म मला फार आवडले. नुसता चिकट कण करणे कठीण नाही. पण तो निरोगी रक्तवाहिनीतच चिकटला, तर मेंदूत वा हृदयात गुठळी होऊन प्राणावर बेतेल. तो चिकटावा तो जखमेवरच. यासाठी कणाच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे असे छोटे तुकडे जोडले, की जे उघड्या पडलेल्या तंतूंना आणि जाग्या झालेल्या बिंबिकांनाच धरतील. शिवाय आकाराचाही विचार केला. नदीघाटाच्या पायरीवर पाणी वाहत असता गोटी घरंगळत जाते, पत्र्याची चकती निसटते. पण ओले पान दगडाला अंगभर चिकटून बसते. म्हणून सूक्ष्म मण्यावर थरावर थर चढवून आतला मणी विरघळवून टाकला आणि मऊ, चपटे कवच तेवढे ठेवले. गोल कणांपेक्षा व कडक चकत्यांपेक्षा ही मऊ चकती अधिक घट्ट बसली. उंदरांवरील प्रयोगात रक्त वाहण्याचा काळ सुमारे ६५ टक्क्यांनी कमी झाला.

परंतु उंदराची शेपटी कोठे आणि ऊसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला माणूस कोठे! हे कण माणसाच्या शरीरात किती काळ राहतील, नको तेथे गुठळी करतील काय, शरीर त्यांना परके मानील काय, हे सर्व तपासावे लागते आणि त्याला वर्षे लागतात. रुग्णालयांच्या रोजच्या वापरात अशी कुपी अद्याप आलेली नाही. तोवर बिंबिकांसाठी कोणा दात्यालाच बाही वर सारून तास-दीड तास यंत्राशेजारी पडून राहावे लागते.